एका तळ्यातले दोन मासे

व्हँकुव्हर बेट आणि कॅनडाची मुख्य भूमी यांच्यामधल्या जॉर्जिया सामुद्रधुनीत टेक्साडा नावाचं एक लांबट बेट आहे. चुनखडीच्या खाणी, सूचिपर्णी झाडांचं जंगल आणि त्यात विखुरलेली लहान तळी. त्यातल्या पॅक्स्टन नावाच्या तळ्यात काठाच्या पाणवनस्पतींमध्ये सापळा लावला, तर बोटभर लांबीचा, अंगानं भरदार, रुंद तोंडाचा एक मासा मिळतो. त्याच तळ्याच्या मधल्या खोल पाण्यात जाळं ओढलं, तर हाती लागतो तो त्याहून लहान, सडपातळ, बारीक तोंडाचा. दोघेही स्टिकलबॅक. पाठीवर काटे आणि अंगाच्या बाजूंना खवल्यांऐवजी हाडांच्या पट्ट्या ही या कुळाची ओळख.

खरा फरक जबडा उघडल्यावर दिसतो. माशाच्या कल्ल्यांच्या कमानींवर आतल्या बाजूला बारीक काट्यांची एक रांग असते. तोंडात घेतलेलं पाणी कल्ल्यांतून बाहेर जाताना त्यातलं अन्न आतच अडवून ठेवायचं काम ती करते. सडपातळ माशात हे काटे लांब आणि दाट असतात. खुल्या पाण्यात तरंगणारे प्राणीप्लवक, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव, त्यातून निसटत नाहीत. भरदार माशाचे काटे आखूड आणि मोजके. तो तळाच्या गाळातल्या कीटकांच्या अळ्या आणि काठच्या वनस्पतींवरचे लहान जीव टिपून खातो, त्याला एवढी बारीक चाळणी लागतच नाही. पुढे सोयीसाठी एकाला ‘तळचा’ आणि दुसऱ्याला ‘खुल्या पाण्यातला’ म्हणू.

दोघांचे पूर्वज एकच. मध्ये भिंत नाही, धबधबा नाही, डोंगर नाही. एकाच पाण्यात हजारो वर्षं राहूनही एकानं दुसऱ्याला संपवलेलं नाही आणि दोघं मिसळून एकही झालेले नाहीत. ही दोन्ही ‘नाही’ कशी टिकली, याचं उत्तर शोधण्यात जीवशास्त्रज्ञांच्या दोन पिढ्या गेल्या आहेत.

प्रश्न जुना आहे. मॉस्कोत गिओर्गी गॉस या तरुण संशोधकानं काचेच्या नळ्यांत पॅरामिशियम हा एकपेशीय जीव वाढवून पाहिला आणि १९३४ साली ‘द स्ट्रगल फॉर एक्झिस्टन्स’ या पुस्तकात निष्कर्ष मांडले. पॅरामिशियमच्या दोन जाती वेगवेगळ्या नळ्यांत छान वाढत. एकाच नळीत, एकाच अन्नावर ठेवल्या की त्यातली एक हळूहळू नाहीशी होई. एकच गरज असलेल्या दोन जाती एका जागी कायमच्या नांदू शकत नाहीत, हे तत्त्व तेव्हापासून त्याच्या नावानं ओळखलं जातं. पण गॉसनं आणखी एक जोडी लावली होती आणि तिच्याकडे पुरेसं लक्ष जात नाही असं मला वाटतं. या जोडीतल्या दोन्ही जाती टिकल्या. एक नळीच्या वरच्या भागात तरंगणारं अन्न खाई. दुसरी, जिच्या शरीरात शैवाल राहतं, ती तळाशी साचलेल्या यीस्टवर जगे. एवढ्याशा नळीतही वर आणि खाली अशा दोन जागा निघाल्या.

महाराष्ट्रात ज्यानं गावतलावात किंवा शेततळ्यात बोटुकली सोडली आहे, त्याला ही गोष्ट गॉसचं नाव न ऐकताही ठाऊक असते. कटला, रोहू आणि मृगळ एकत्र सोडायचे. कटलाचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या थरातलं प्राणीप्लवक खातो. झालरीच्या ओठांचा रोहू मधल्या थरात चरतो. मृगळाचं तोंड खालच्या अंगाला, तो तळाचा कुजलेला पाला-गाळ चिवडतो. एकाच पाण्यात तीन थरांचं अन्न वापरलं जातं आणि एकट्या कटलानं भरलेल्या तळ्यापेक्षा उत्पन्न जास्त येतं. मिश्र मत्स्यशेतीचा सगळा हिशेब यावर उभा आहे.

हे उदाहरण इतकं चपखल आहे की त्यावरून एक निष्कर्ष आपोआप काढला जातो: गंगेच्या खोऱ्यातल्या नद्यांत हे तिघे एकमेकांशी झगडले असणार आणि त्या झगड्यातूनच त्यांची तोंडं अशी वेगळी घडली असणार. इथे थांबायला हवं. आज तिघांची तोंडं वेगळी आहेत एवढंच आपण पाहतो. प्रत्येकाचं तोंड आपापल्या कारणानं, कदाचित वेगवेगळ्या ठिकाणी, घडून मग ते एकत्र आले असतील तरी चित्र हेच दिसेल. अमेरिकन परिस्थितिकीतज्ज्ञ जोसेफ कॉनेल यानं १९८० साली नेमका हाच आक्षेप घेतला. दोन जातींत फरक दिसला की भूतकाळातल्या स्पर्धेकडे बोट दाखवायचं, हे स्पर्धेचं भूत उभं करणं झालं, असं त्याचं म्हणणं होतं. भूतकाळात स्पर्धा झाली होती आणि तिनंच हे फरक घडवले, याचा पुरावा द्या.

तसा पुरावा मिळणं अवघडच. त्यासाठी अशा अनेक जागा हव्यात जिथे एकच पूर्वज येऊन स्थायिक झाला. त्यातल्या काही ठिकाणी तो एकटा राहिला आणि काही ठिकाणी त्याला जोडीदार मिळाला. शिवाय हे सगळं इतक्या अलीकडे घडलेलं हवं की इतिहास वाचता येईल. ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर हिमयुगानं हे सगळं करून ठेवलं होतं.

सुमारे १२,००० वर्षांपूर्वी तिथला बर्फ वितळला. हजारो वर्षं हिमनद्यांच्या भाराखाली दबलेली जमीन मोकळी होऊन वर येऊ लागली. किनाऱ्यालगतचे सखल भाग समुद्रातून वर निघाले, खळग्यांत पावसाचं आणि ओढ्यांचं पाणी साचलं आणि तळी तयार झाली. समुद्रात राहून अंडी घालायला गोड्या पाण्यात येणारे स्टिकलबॅक त्यात शिरले आणि जमीन आणखी वर आल्यावर अडकले. या पट्ट्यातल्या असंख्य तळ्यांत आज स्टिकलबॅक आहेत, आणि जवळजवळ सगळीकडे एकाच प्रकारचे. जिथे तो एकटा आहे तिथे तो मधल्या अंगलटीचा आहे: ना फार भरदार, ना फार सडपातळ. कल्ल्यांवरचे काटेही मधल्या लांबीचे. तो काठाशीही खातो आणि खुल्या पाण्यातही.

मोजक्याच तळ्यांत मात्र दोन प्रकार आहेत. टेक्साडावर पॅक्स्टन, तिथलंच प्रीस्ट आणि त्याच ओढ्यावरची शेजारची तळी. नेल्सन बेटावर लिट्ल क्वॉरी. पूर्वी व्हँकुव्हर बेटावरचं ईनॉस आणि लास्केटी बेटावरचं हॅडली. ही तळी थोडी आहेत, पण सगळ्यांत जोडी एकाच धर्तीची: एक तळचा, एक खुल्या पाण्यातला. मधली अंगलट दोघांपैकी कुणातच नाही. एकटा असताना मासा मध्यावर, दुकटा असताना दोघं दोन टोकांना. युनिव्हर्सिटी ऑफ ब्रिटिश कोलंबियातले डॉन मॅकफेल यांनी १९८०च्या दशकात या जोड्यांचं वर्णन प्रसिद्ध करायला सुरुवात केली आणि १९९२ साली डॉल्फ श्लूटर यांच्याबरोबर हा सगळा आकृतिबंध मांडला. शेजारी आल्यावर दोन जातींनी एकमेकींपासून दूर सरकण्याची ही कल्पना १९५६ मध्ये विल्यम ब्राउन आणि ई. ओ. विल्सन यांनी नाव देऊन मांडली होती. डार्विनच्या मनातही ती होती. पण असा स्वच्छ नमुना त्यांच्यापैकी कुणाच्याच हाती नव्हता.

मॅकफेल यांचा अंदाज असा की समुद्रातले मासे या तळ्यांत एकदा नाही, दोनदा शिरले. पहिल्या खेपेचे मासे तळ्यात रुळले आणि मधल्या अंगलटीचे झाले. मग समुद्राची पातळी पुन्हा काही काळ वाढली आणि दुसरी खेप आत आली. समुद्रातले स्टिकलबॅक मुळातच प्लवक खाणारे. आल्याबरोबर त्यांनी खुलं पाणी धरलं. आधीच्या रहिवाशांपैकी जे प्लवकावर जगू पाहत होते त्यांची गाठ जास्त सरस खाणाऱ्यांशी पडली. जे काठाच्या आणि तळाच्या अन्नाकडे झुकलेले होते त्यांचं पोट भरत राहिलं, त्यांचीच पिल्लं जास्त जगली, आणि पिढ्यान्‌पिढ्या जुनी जमात तळाकडे सरकत गेली. पुढे झालेल्या डीएनएच्या अभ्यासांनी दोन खेपांच्या या कल्पनेला बळ दिलं.

पण हे सगळं झालं ते इतिहासातून वाचलेलं. कॉनेलच्या भुताला पळवायला ते पुरेसं नव्हतं. श्लूटर यांनी ठरवलं की जुना झगडा डोळ्यांसमोर पुन्हा घडवून आणायचा.

विद्यापीठाच्या आवारात खणलेली प्रयोगतळी होती. श्लूटर यांनी तळ्याच्या मधोमध आडपडदा घालून दोन भाग केले. दोन्ही भागांत मधल्या अंगलटीचे मासे सोडले, म्हणजे तळ्याच्या पहिल्या रहिवाशांसारखे. त्यांच्यात मुद्दाम विविधता ठेवली: काही जरा भरदार, काही जरा सडपातळ. मग एका भागात खुल्या पाण्यातले मासे आणून घातले, दुसऱ्यात घातले नाहीत, आणि काही महिन्यांनी कोण किती वाढलं ते मोजलं. जिथे पाहुणे आले होते तिथे नुकसान सगळ्यांचं सारखं झालं नव्हतं. पाहुण्यांशी ज्यांचं रूप जास्त मिळतंजुळतं होतं, म्हणजे सडपातळ, त्यांची वाढ सर्वांत जास्त खुंटली. तळच्या धर्तीच्या भरदार माशांना पाहुण्यांची झळ फारशी लागली नाही. १९९४ साली ‘सायन्स’मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला.

टीकाही लगेच आली, आणि ती रास्त होती. एका भागात पाहुणे जास्तीचे घातले, म्हणजे तिथे एकूण मासेच जास्त झाले. मग दिसला तो परिणाम पाहुण्यांच्या जातीचा की नुसत्या गर्दीचा? या प्रश्नाला प्रयोगाच्या आखणीत उत्तर नव्हतं. श्लूटर यांनी वाद घालत बसण्यापेक्षा आखणी बदलली. पुढच्या प्रयोगात दोन्ही भागांत सारख्याच संख्येनं पाहुणे घातले. एका भागात खुल्या पाण्यातले, दुसऱ्यात तळचे. आता गर्दी दोन्हीकडे सारखी. खुल्या पाण्यातले पाहुणे होते तिथे भरदार रूपाला फायदा मिळाला आणि तळचे पाहुणे होते तिथे सडपातळ रूपाला. २००३ साली हा निकाल छापून आला. शेजारी कोण आहे यावर कोणतं शरीर सोयीचं ते ठरत होतं. मला विज्ञानातल्या सुंदर गोष्टींत या दुसऱ्या प्रयोगाची जागा फार वरची वाटते, कारण टीकाकारांनी दाखवलेली फटच त्यानं पुराव्याची जागा केली.

या निकालात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. जो प्रकार संख्येनं वाढतो तो स्वतःच्याच जातभाईंच्या तोंडचा घास काढून घेतो; जो दुर्मीळ होतो त्याच्या वाट्याचं अन्न शिल्लक राहतं. म्हणून कुणीच पार संपत नाही. सहजीवन टिकवणारी मूळ यंत्रणा ही. ती सर्वांत उघडपणे पाहायची तर आफ्रिकेत टांगानिका सरोवरात जावं लागेल. तिथे दुसऱ्या माशांचे खवले ओरबाडून खाणारा एक सिक्लिड मासा आहे. त्याचं तोंड वाकडं असतं. काहींचं उजवीकडे वळलेलं, काहींचं डावीकडे. एका प्रकारचे मासे भक्ष्याच्या डाव्या बाजूवर हल्ला करतात, दुसरे उजव्या. जपानी शास्त्रज्ञ मिचिओ होरी यांनी वर्षानुवर्षं नोंदी ठेवून १९९३ मध्ये दाखवलं की दोन्ही प्रकारांचं प्रमाण निम्म्या-निम्म्याच्या आसपास झुलत राहतं. उजवे फार झाले की भक्ष्य त्या बाजूनं सावध होतात आणि डाव्यांचं फावतं. मग डावे वाढतात आणि पारडं फिरतं. ही एकाच जातीतली गोष्ट आहे, दोन जातींची नाही, पण विरळ असण्याचा फायदा इतका नितळ क्वचितच दिसतो.

अन्नाचं इथवर जुळलं. उरला दुसरा ‘नाही’. तळचा आणि खुल्या पाण्यातला यांच्या मिलनातून पिल्लं होतात. प्रयोगशाळेच्या टाकीत ती धडधाकट वाढतात, पुढे त्यांनाही पिल्लं होतात. म्हणजे रक्त जुळत नाही म्हणून वेगळे राहिले, असं म्हणता येत नाही. मग एकाच तळ्यात हजारो पिढ्या राहून सगळ्यांची सरमिसळ का झाली नाही?

एक कारण पुन्हा पोटाचंच. संकरित मासा मधल्या अंगलटीचा. तळ्यात सोडल्यावर काठाशी त्याला तळच्याइतकं खाता येत नाही आणि खुल्या पाण्यात दुसऱ्याइतकं. टाकीत आयतं अन्न मिळताना झाकलेली उणीव तळ्यात उघडी पडते. एके काळी एकट्या माशाला सोयीची असलेली मधली जागा दोन तज्ज्ञांच्या मध्ये सापडल्यावर सर्वांत वाईट ठरते.

दुसरं कारण जोडीदार निवडण्याचं. स्टिकलबॅकचा विणीचा काळ हा प्राणिवर्तनाच्या अभ्यासातला एक गाजलेला विषय. नर पाणवनस्पतींचे तुकडे गोळा करतो, स्वतःच्या मूत्रपिंडातून स्रवणाऱ्या चिकट द्रवानं ते चिकटवून घरटं बांधतो, गळा लाल होतो, आणि मादी दिसली की नागमोडी नाच करत तिला घरट्याकडे नेतो. अंडी घातल्यावर मादी निघून जाते. पंखांनी पाणी घालत अंडी सांभाळणं, पिल्लं राखणं हे सगळं बापाचं काम. निको टिन्बर्गन यांनी हॉलंडमध्ये या नाचाचा बारकाईनं अभ्यास केला. त्यांना १९७३ चं नोबेल पारितोषिक ज्या कामासाठी मिळालं त्यात या माशाचा मोठा वाटा आहे. लाल रंगाशी वैर इतकं की खिडकीबाहेरून लाल टपालगाडी गेली तरी टाकीतले नर तिच्या दिशेनं धावून जात, अशी नोंद त्यांनी केली आहे.

जोडीच्या तळ्यांत या विणीचेही दोन पंथ झालेले आहेत. तळचा नर वनस्पतींच्या आडोशाला घरटं करतो, खुल्या पाण्यातला काठाजवळच पण उघड्यावर. मादी नराचा आकार पाहते आणि आपल्यासारखाच पसंत करते. श्लूटर आणि त्यांची विद्यार्थिनी लॉरा नेगल यांच्या चाचण्यांत दोन प्रकारांमध्ये मिलन झालं ते फक्त खुल्या पाण्यातले मोठ्यात मोठे आणि तळचे लहानात लहान यांच्यातच, जिथे मापं जवळ आली होती. रंगाचाही भाग आहे. वेगवेगळ्या खोलीवर, वेगवेगळ्या पाण्यात लाल रंग सारखा उठून दिसत नाही. जिथे तो नीट दिसतो तिथल्या माद्या त्याला भुलतात, जिथे पाण्यातच तांबूस झाक आहे तिथल्या माद्यांना त्याचं फारसं आकर्षण उरत नाही.

मग आली ती चाचणी, जिचा निकाल पाहून मी थक्क झालो. २००० साली हॉवर्ड रंडल, नेगल, जेनेट बॉमन आणि श्लूटर यांनी पॅक्स्टन, प्रीस्ट आणि ईनॉस या तीन तळ्यांतले मासे एकमेकांसमोर आणले. ही तळी एकमेकांना जोडलेली नाहीत आणि प्रत्येक जोडी आपापल्या तळ्यात स्वतंत्रपणे घडली आहे. तरीही एका तळ्यातल्या तळच्या मादीनं दुसऱ्या तळ्यातला तळचा नर जवळजवळ स्वतःच्या तळ्यातल्यासारखाच स्वीकारला, आणि स्वतःच्याच तळ्यातल्या खुल्या पाण्यातल्या नराला नाकारलं. जवळचं रक्त नाकारून दूरचा पण सारख्या राहणीचा नर निवडला गेला. अन्न मिळवण्यासाठी घडलेलं शरीरच नकळत लग्नाची अटही होऊन बसलं होतं. स्पर्धेनं दोघांना दूर ढकललं आणि त्या ढकलण्यातच दोन जाती होण्याची सोय झाली.

एवढं सगळं दहा-बारा हजार वर्षांत कसं उरकलं, याचं एक उत्तर स्टॅनफर्डच्या डेव्हिड किंग्सली यांच्या प्रयोगशाळेतून मिळालं. गोड्या पाण्यातल्या स्टिकलबॅकच्या अंगावरच्या हाडांच्या पट्ट्या कमी होतात त्या एका जनुकाच्या विशिष्ट रूपामुळे, आणि ते रूप समुद्रातल्या माशांतही फार थोड्या प्रमाणात आधीपासून असतं. नवं काही घडायची वाट पाहावी लागली नाही. गाठीशी असलेलं वर आलं. पॅक्स्टनच्या तळच्या माशाच्या पोटाखालचे काटे गेले ते मात्र दुसऱ्या मार्गानं: त्या अवयवापुरतं एक जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडाच गळाला. काट्यांचा संबंध शत्रूंशी आहे. खुल्या पाण्यात ट्राउट मासा पाठलाग करतो, तिथे काटे जीव वाचवतात. वनस्पतींत दडून राहणाऱ्याला त्यांची तेवढी गरज नाही. म्हणजे दोघांना दूर ढकलण्यात भुकेच्या जोडीला भीतीचाही हात आहे, आणि फक्त अन्नाच्या वाटणीवर ही गोष्ट संपवणं मला अपुरं वाटतं.

तरीही, हजारो तळ्यांतून जोड्या इतक्या थोड्या का? दोन खेपा नेमक्या वेळेवर याव्या लागतात हे एक. दुसरं, या तळ्यांत इतर मासे जवळपास नाहीत. स्टिकलबॅकखेरीज फक्त कटथ्रोट ट्राउट. तळाशी राहणारा काटेरी स्कल्पिन जिथे आहे तिथे स्टिकलबॅकची जोडी सापडत नाही. तळाची जागा आधीच गेलेली, मग सरकायचं कुठे? दोन जाती होण्यासाठी दोन जागा रिकाम्या असाव्या लागतात, आणि त्या जागा पुढेही तशाच राहाव्या लागतात.

त्या राहिल्या नाहीत की काय होतं, हेही याच किनाऱ्यावर पाहायला मिळालं. हॅडली तळ्यात कुणीतरी ब्राउन बुलहेड हा मिशाळ मासा आणून सोडला. १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत तिथली जोडी संपली, दोघंही गेले. ईनॉस तळ्यात घडलं ते याहून विलक्षण. तिथे मासे मेले नाहीत. १९९०च्या सुमारास तळ्यात क्रेफिश हा शेवंडासारखा प्राणी दिसू लागला. काठच्या पाणवनस्पती कमी झाल्या. ज्या आडोशाला तळचे नर घरटी बांधत, ज्या वनस्पतींवर तळच्यांचं अन्न वाढे, तेच नाहीसं होत गेलं. संकर वाढू लागले, आणि आता आडवं यायला दोन पक्के तज्ज्ञही उरले नव्हते. २००६ साली एरिक टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकीय तपासणीतून दाखवलं की ईनॉसमध्ये दोन जाती राहिलेल्या नाहीत. सगळे मासे मिसळून एक जमाव झाला आहे. जी वाट चालायला हजारो वर्षं लागली ती दहा-वीस वर्षांत उलटी चालून झाली.

आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरातही हेच दुसऱ्या वाटेनं झालं. तिथे सुमारे ५०० जातींचे सिक्लिड मासे होते, तेही साधारण १५,००० वर्षांत घडलेले, कारण त्याआधी सरोवर कोरडं पडलं होतं. १९५०च्या दशकात सोडलेल्या नाइल पर्च या शिकारी माशानं पुढे त्यातल्या कितीतरी जाती खाऊन संपवल्या, ही कथा बऱ्याच जणांना माहीत आहे. कमी माहीत आहे ती गढूळ पाण्याची. तिथे जवळच्या नात्यातल्या दोन जाती आहेत: एकीचे नर निळसर, काठाजवळच्या उथळ पाण्यात, दुसरीचे लाल, जरा खोलवर, जिथे निळा प्रकाश पोचत नाही. टांझानियाचे पहिले अध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांचं नाव या लाल माशाला दिलेलं आहे. दोघींच्या माद्या रंग पाहून नर निवडतात आणि त्यांचे डोळेही आपापल्या खोलीवरच्या प्रकाशाला जुळलेले असतात. शेतांतली खतं आणि सांडपाणी सरोवरात येऊ लागलं, शैवाल माजलं, पाणी गढूळ झालं. ओले सीहाउसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवलं की जिथे पाणी गढूळ तिथे रंग फिके आणि जातीही कमी. प्रयोगशाळेत रंगभेद लपवणाऱ्या नारिंगी उजेडाखाली माद्यांची निवड विस्कटली. दिसणंच बंद झालं, तिथे ओळखायचं कशावरून?

स्वित्झर्लंडच्या सरोवरांत गेल्या शतकात व्हाइटफिशच्या जातींवर हीच वेळ आली. त्यांचं वेगळेपण अंडी घालण्याच्या खोलीवर उभं होतं. सांडपाण्यातून आणि धुण्याच्या पावडरींतून आलेल्या फॉस्फेटनं खोल पाण्यातला प्राणवायू आटवला. खोलवर अंडी घालणारे वर सरकले आणि उथळात घालणाऱ्यांत मिसळले. १९८६ साली तिथे धुण्याच्या पावडरींतल्या फॉस्फेटवर बंदी आली, पाणी पुन्हा नितळ झालं. हरवलेल्या जाती परत आल्या नाहीत.

ईनॉसमधले बदल माशांपाशी थांबले नाहीत. सेठ रडमन आणि श्लूटर यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जोडी शाबूत असलेल्या तळ्यांशी ईनॉसची तुलना केली. मिश्र मासे काय खातात ते बदललं होतं, आणि त्याबरोबर तळ्यातून पंख फुटून बाहेर पडणाऱ्या कीटकांचं प्रमाण आणि पाण्यात पडलेली पानं कुजण्याचा वेगही बदलला होता. टेक्साडावरच्या जोड्यांची नोंद आज कॅनडाच्या संकटग्रस्त जातींच्या कायद्यात आहे, आणि तिथे तळचा आणि खुल्या पाण्यातला या दोघांची नोंद वेगवेगळी केली आहे. त्यांना राखायचं म्हणजे मासे मोजत राहण्यापेक्षा बरंच जास्त काम आहे: तळ्याची पातळी फार उतरू द्यायची नाही, काठच्या वनस्पती उपटू द्यायच्या नाहीत, पाण्यात गाळ येऊ द्यायचा नाही, आणि बाहेरचा एकही मासा किंवा क्रेफिश आत सोडला जाणार नाही याकडे डोळ्यांत तेल घालून पाहायचं.